दोन बोटं निकामी झाली, तरी सर्वश्रेष्ठ गिटारिस्टच्या वादातून जँगोचं नाव वगळता येत नाही

जगातला सगळ्यात भारी गिटारिस्ट कोण? कट्ट्यावर हा विषय निघाला की चहा गार होतो, पण निकाल काही लागत नाही. कुणी जिमी हेंड्रिक्स म्हणतं, कुणी एरिक क्लॅप्टन, कुणी जिमी पेज. ही सगळी नावं इलेक्ट्रिक गिटारची आणि १९६० नंतरची. पण त्याच्या तीस वर्षं आधी पॅरिसमध्ये एक गडी साध्या गिटारवर, तेही डाव्या हाताच्या मुख्यतः दोनच बोटांनी, असं काही वाजवत होता की भले भले गिटारिस्ट आजही त्याच्या रेकॉर्डी ऐकून डोकं खाजवतात.

त्याचं नाव जँगो राइनहार्ट.

२३ जानेवारी १९१० ला बेल्जियममधल्या लिबर्शी गावात, रोमा लोकांच्या तांड्यात त्याचा जन्म झाला. कागदावर नाव जाँ. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले आणि त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच घराण्यातली. जँगोच्या जमातीचं नाव मानुश, म्हणजे आपला माणूसच. जँगो या नावाचा अर्थ जागा होणं असा सांगतात. ‘जाग’शी त्याचं नातं कानालाही कळतं.

पॅरिसच्या वेशीवर, घोड्याच्या गाडीतल्या घरात तो वाढला. शाळेचं तोंड जवळपास पाहिलंच नाही. पण बाराव्या वर्षाच्या आसपास हातात बँजो-गिटार आलं आणि थोड्याच दिवसांत पोरगा डान्स हॉलमध्ये पैसे कमवायला लागला. १९२८ साली पहिल्या रेकॉर्डी निघाल्या. त्यावर त्याचं नावसुद्धा धड छापलं नव्हतं, आणि त्याला तरी कुठं वाचता येत होतं! त्याच वर्षी इंग्लंडचा मोठा बँडलीडर जॅक हिल्टन याने त्याला कामाची ऑफर दिली.

आणि इथंच घात झाला.

२ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री जँगो वाजवून घरी आला. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं बनवायची, त्यांचा ढीग गाडीत पडलेला. मेणबत्तीची ठिणगी त्यावर गेली. सेल्युलॉइड म्हणजे क्षणात भडकणारा माल. दोघं कसेबसे बाहेर पडले, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात होरपळला होता. डॉक्टर पाय कापायचं म्हणाले, त्याने साफ नकार दिला. पाय वाचला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आखडलं ते कायमचंच.

गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात गेला म्हणजे विषय संपला. कारण सूर कुठला लागणार हे तोच हात पडद्यांवर तार दाबून ठरवतो. साधारण वादक चार बोटं एका जागी ठेवून या तारेवरून त्या तारेवर जातो. जँगोकडे उरली दोन. भाऊ जोसेफने नवं गिटार आणून दिलं आणि दीडेक वर्षाच्या आजारपणात त्याने पद्धतच नव्याने बसवली. आडवं जाता येत नाही ना, मग दांडीच्या लांबीने वर-खाली धावायचं. आखडलेली बोटं बारीक तारांवर टेकवून कॉर्डपुरती वापरायची. बाकीचं काम उजव्या हाताच्या जोरावर. त्याचे सूर झऱ्यासारखे सरसर खाली येतात ते त्यामुळेच.

पुढे लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी कानावर पडल्या आणि त्याला जॅझचं वेड लागलं. १९३४ साली व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीसोबत त्याचं पंचक उभं राहिलं. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही. तोवर बहुतेक बँडमध्ये गिटारवाला मागे बसून ठेका धरायचा. इथं तो पुढे आला. वादात जँगोचं पारडं खरं जड होतं ते इथं. नुसता वेग मोजायचा तर आज त्याच्याहून जलद वाजवणारे सापडतील.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा पंचक लंडनमध्ये होतं. ग्रापेली तिथंच थांबला, जँगो पॅरिसला परतला. थोड्याच महिन्यांत शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं. नाझींनी लाखो रोमांना मारलं. त्यात हा रोमा, वर वाजवायचा जॅझ, जे नाझींना डोळ्यासमोर नको होतं. तरी तो वाचला, कारण जॅझवर जीव असलेले अधिकारी जर्मन फौजेतही होते. याच काळात त्याची ‘न्युआज’, म्हणजे ढग, ही धून फ्रान्सभर गाजली. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला पळायचा प्रयत्न मात्र फसला.

१९४६ साली ड्यूक एलिंग्टनसोबत अमेरिका दौरा झाला. गडी स्वतःचं गिटार न घेताच गेला, कंपन्या रांग लावून गिटार देतील या भरवशावर. कुणी दिलं नाही. कार्नेगी हॉलच्या दुसऱ्या रात्री तर तो चांगलाच उशिरा उगवला.

शेवटची वर्षं त्याने साम्वा-सूर-सेन या नदीकाठच्या गावात मासे पकडण्यात आणि चित्रं काढण्यात घालवली, पण वाजवणं सोडलं नाही. १६ मे १९५३ ला पॅरिसहून परतल्यावर मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय ४३.

त्यानंतर बारा-एक वर्षांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या पोराच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, त्यामुळे गेली ती नेमकी तार दाबायची बोटं. गिटार सुटलं म्हणून तो बसून होता. तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि १९६८ साली मित्रांसोबत एक बँड काढला. तोच पुढे ब्लॅक सॅबथ झाला.