१८६ वर्षांनी मूठमाती

सारा बार्टमन हे तिचे जन्मनाव नव्हे. ते कोणी लिहूनच ठेवले नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागात, १७८९ च्या सुमारास, खोईखोई जमातीत ती जन्मली आणि गोऱ्यांच्या घरी राबत मोठी झाली. १८१० साली हेंड्रिक सेझर्स व अलेक्झांडर डनलॉप यांनी तिला लंडनला नेले आणि पिकॅडिलीत तिकीट लावून तिला लोकांपुढे उभे केले. तिच्या अंगाची ठेवण तिथल्या लोकांना नवलाची वाटे, एवढाच तिचा गुन्हा!

गुलामगिरीच्या विरोधकांनी त्याच वर्षी कोर्टात धाव घेतली. साराची जबानी डच भाषेत झाली. ती राजीखुशीने आली असून मिळकतीत तिचा वाटा आहे, अशी नोंद झाली आणि दावा बारगळला. परमुलखात, ज्यांच्या हातचे खायचे त्यांच्याविरुद्ध ती बोलणार तरी काय? आमच्याकडे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा माणूसही राजीखुशीनेच उठवीत असे.

१८१४ साली ती पॅरिसला एका जनावरांचे खेळ करणाऱ्याच्या हाती गेली. २९ डिसेंबर १८१५ रोजी तिने डोळे मिटले. पण सुटका झाली नाही. जॉर्ज क्यूव्हिए या नामांकित शास्त्रज्ञाने तिच्या देहाचा साचा घेतला, चिरफाड केली, सांगाडा वेगळा काढला. मेंदू आणि गुप्तांगे बरण्यांत भरली. तो सांगाडा पॅरिसच्या म्युझियममध्ये १९७४ पर्यंत प्रदर्शनात होता! विद्वत्तेविषयी मला आदर आहे, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच; पण हे वाचून त्या विद्वत्तेची शिसारी आली.

१९९४ साली नेल्सन मंडेलांनी तिचे अवशेष परत मागितले. आडवा आला तो कायदाच. सरकारी संग्रहातील वस्तू ही राष्ट्राची मालमत्ता, ती कोणाला देता येत नसे! आपल्याकडे प्रेताची विटंबना करणाऱ्यास कैद आहे. पूर्वी दंड संहितेचे कलम २९७ होते, २०२४ पासून न्याय संहितेचे ३०१ आहे. पण म्युझियमच्या वहीत नोंद झाली की प्रेताची वस्तू होते. शेवटी फ्रेंच संसदेला ६ मार्च २००२ रोजी केवळ साराकरिता स्वतंत्र कायदा करावा लागला.

९ ऑगस्ट २००२, म्हणजे तिथल्या महिला दिनी, हँकी गावाजवळच्या टेकडीवर तिला मूठमाती मिळाली. थडग्याभोवती लोखंडी गज आहेत. तरीही २०१५ साली कोणीतरी त्यावर पांढरा रंग फेकला.