यंत्रापुढचा माणूस

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर लेथसमोर उभे राहणाऱ्या कामगाराची पाठ संध्याकाळी ठणकू लागते. हा प्रश्न वैद्याचा की यंत्र-अभियंत्याचा? यंत्राची उंची, हँडलचे अंतर, उजेड, मालाची मांडणी, विश्रांतीची वेळ या गोष्टी कोणीतरी ठरविलेल्या असतात. त्या माणसाच्या शरीराला मानवतील अशा ठरविण्याचे शास्त्र म्हणजे मानवी अभियांत्रिकी, अर्थात अर्गोनॉमिक्स. मरोळपासून जवळच, विहार तलावाच्या परिसरात, १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तरीही यंत्र-अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी या विषयाकडे दुय्यम म्हणूनच पाहतात. त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणरावांचा जन्म झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे ध्यानी आले आणि रंगांची वाट बंद झाली. मग त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. पुढे पदोन्नतीत डावलले जाताच त्यांनी नोकरी सोडली आणि वडील बंधू रामुअण्णांसह बेळगावी सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. ते सायकल नुसती विकीत नसत, चालवावयासही शिकवीत. वस्तू आणि ती वापरणारा माणूस यांची सांगड घालण्याचा हा पहिला धडा म्हणावा लागेल.

त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि पाठोपाठ लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुमारे दोन वर्षे नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. यंत्र निर्दोष असले तरी वापरणाऱ्याच्या मनात त्याला जागा नसेल तर ते लोखंडच राहते, हे लक्ष्मणरावांनी जाणले. त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरविले नाही; त्याचा विश्वास संपादन होईपर्यंत चिकाटी सोडली नाही.

पुढे नगरपालिकेच्या निर्णयामुळे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची घरेही उभी राहिली. शिक्षा भोगलेल्या माणसांवर तेथे राखणीचे काम सोपविण्यात आले, शाळा अर्धवट सुटलेल्यांच्या हाती यंत्रे देण्यात आली आणि अस्पृश्यतेला थारा नाकारण्यात आला.

पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, अमेरिकेत फ्रेडरिक टेलरचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. टेलरने हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या हालचाली मोजल्या. त्यातून उत्पादन वाढले, हे खरे. पण विचार कचेरीत आणि श्रम कारखान्यात, अशी फाळणीही झाली. लक्ष्मणरावांचा मार्ग निराळा होता. माणसाचे घर, मान आणि जबाबदारी यांना ते कामाच्या मांडणीतच धरीत. अर्थात किर्लोस्करवाडी ही अखेर मालकाच्या सद्भावनेवर उभी असलेली रचना होती, हेही नाकारता येणार नाही. मालक चांगला असणे हा योगायोग असतो. त्यावर विसंबून कामगाराची पाठ सुरक्षित राहत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. मरोळच्या एखाद्या लहानशा गाळ्यात आज किर्लोस्करवाडीचा माळ नाही आणि बांधून द्यावयास घरेही नाहीत. परंतु लेथखालची फळी चार बोटे वर घेणे, जड सुटे भाग कमरेच्या उंचीवर ठेवणे आणि हे करण्यापूर्वी कामगाराला विचारणे, एवढे तर तेथेही शक्य आहे. त्यासाठी मालकाच्या औदार्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अभियंत्याच्या शिक्षणातच ती दृष्टी असली पाहिजे. यंत्राचा आराखडा काढताना त्यापुढे उभा राहणारा माणूस कागदावर दिसत नसेल, तर तो आराखडा अपुराच समजला पाहिजे.