बंगालचे सखाराम गणेश देउस्कर

स्वदेशी चळवळीतील बंगाली लेखकांची नावे घेताना मध्येच एक ओळखीचे आडनाव येते आणि आपण थबकतो. ते आडनाव देउस्कर. ज्या पुस्तकाने बंगालच्या तरुण पिढीला पारतंत्र्याचा अर्थ आकड्यांनिशी समजावून दिला, ते 'देशेर कथा' एका मराठी घरातल्या माणसाने लिहिले होते, आणि तेही अस्सल बंगालीत.

देउस्करांचे पूर्वज कोकणातील देऊस गावचे. मराठी सत्तेच्या विस्ताराच्या काळात हे घराणे पूर्वेकडे गेले आणि देवघरजवळच्या करों गावी स्थिरावले. देवघर म्हणजे वैद्यनाथाचे क्षेत्र. ज्योतिर्लिंग परळीचे की देवघरचे, हा वाद आपल्याला परिचित आहेच. आज हा भाग झारखंडात आहे, तेव्हा तो बंगाल प्रांतात होता. तिथे १७ डिसेंबर १८६९ रोजी सखाराम यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. विधवा आत्याने त्यांना वाढवले. आत्याला मराठी ग्रंथांची गोडी होती, त्यामुळे घरात मराठी टिकली. शाळा, मित्र, बाजार हे सारे मात्र बंगालीत. पुढे देवघरच्याच शाळेत ते शिक्षक झाले. राजनारायण बसूंसारखे थोर विचारवंत तेव्हा देवघरात राहत असत. त्यांच्या सहवासात देउस्करांची वृत्ती घडली.

इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कारभारावर त्यांनी 'हितवादी' या बंगाली पत्रात टीका केली आणि नोकरी गमावली. मग कलकत्ता गाठले. त्याच 'हितवादी'त मुद्रिते तपासण्याच्या कामापासून सुरुवात करून ते संपादकपदापर्यंत पोहोचले. ज्यांची मातृभाषा बंगाली नाही, त्यांच्या हाती बंगाली पत्राची लेखणी आली, यावरून त्यांच्या भाषेवरील प्रभुत्वाची कल्पना यावी.

पण मराठी माणसाला बंगालमध्ये एक जुने ओझे वाहावे लागे. १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्या 'बर्गीं'ची, म्हणजे आपल्या बारगिरांची, दहशत तिथल्या अंगाईगीतांतही उतरली आहे. पाळण्यातल्या मुलाला ज्यांची भीती घालायची, त्यांचाच वंशज बंगाल्यांना इतिहास सांगणार होता. देउस्करांनी ते ओझे नाकारले नाही, आणि वाद घालत बसण्यातही वेळ दवडला नाही. आपली माणसे कोण होती, हे त्यांनी गोष्टीरूपाने, चरित्रांतून सांगायला घेतले. न्यायमूर्ती रानडे, बाजीराव, आनंदीबाई, झाशीचा राजपुत्र आणि अर्थात शिवाजी महाराज, यांच्यावर त्यांनी १९०१ पासून एकामागून एक बंगाली पुस्तके लिहिली. कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यातही ते पुढे होते. १९०४ मध्ये त्यांच्या शिवाजीवरील पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहून दिली. दीडशे वर्षांपूर्वी ज्या प्रांताने मराठ्यांच्या टापांचा धसका घेतला, त्याच प्रांताच्या महाकवीने मराठ्यांच्या राजाला वंदन केले! यामागे देउस्करांची कित्येक वर्षांची चिकाटी होती.

त्याच वर्षी 'देशेर कथा' आले. दादाभाई, रानडे, रमेशचंद्र दत्त, डिग्बी यांचे अर्थशास्त्रीय लेखन सामान्य वाचकाच्या हाती पडत नव्हते. देउस्करांनी ते साध्या बंगालीत उतरवले. विणकर कसे बुडाले, शेतकरी कर्जात कसा रुतला, देशाचा पैसा बाहेर कसा जातो, हे त्यांनी मांडले. राज्यकर्ते प्रजेच्या मनावरही कशी मोहिनी घालतात, हेही दाखवले. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. स्वराज्य हा शब्द बंगालच्या राजकारणात रुजवण्याचे श्रेय श्रीअरविंदांनी देउस्करांना दिले आहे. देउस्करांचे भाचे, काशीचे बाबूराव विष्णु पराडकर, यांनी या पुस्तकाचा हिंदी अनुवाद केला. पराडकर पुढे हिंदी पत्रकारितेचे अध्वर्यू ठरले.

देउस्करांची कसोटी लागली ती १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर. टिळकांविरुद्ध लिहावे, असा 'हितवादी'च्या मालकांचा आग्रह होता. देउस्करांनी नकार दिला आणि संपादकपद सोडले. लेखणीवर पोट असणाऱ्या माणसाने असा राजीनामा देणे सोपे नव्हते. राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या शाळेत त्यांनी बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवायला सुरुवात केली. टिळकांच्या खटल्यावर पुस्तकही लिहिले. १९१० मध्ये सरकारने ते आणि 'देशेर कथा' ही दोन्ही पुस्तके जप्त केली. अखेर ते करोंला परतले आणि २३ नोव्हेंबर १९१२ रोजी तिथेच वारले. वय अवघे बेचाळीस.

महाराष्ट्रात त्यांचे नाव आज फारसे निघत नाही, कारण त्यांची कीर्ती दुसऱ्या भाषेत आहे. बाहेर वसलेल्या घराण्यांत हे होतच असते. आपलीही मुले हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगूत लिहू लागली की घरातली वडीलधारी मंडळी हळहळतात. त्यांना देउस्करांची आठवण करून द्यावी. आत्याकडून ऐकलेली मराठी त्यांनी बंगालीत नेली, आणि तिच्यामुळे दोन प्रांतांमधले जुने वैर निवळायला मदत झाली. मराठीपण जपण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो बाहेर राहणाऱ्यांनाच सापडू शकतो.