महर्षी पाणिनी

सिंधू आणि काबूल या नद्यांच्या संगमाजवळ, प्राचीन गांधार देशात, शलातुर नावाचे गाव होते. तो प्रदेश आज पाकिस्तानात आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला पाणिनी या शलातुरचा. त्याच्या मातेचे नाव दाक्षी. म्हणून पतंजलीने त्याला दाक्षीपुत्र म्हटले आहे. परंतु त्याचे खरे चरित्र म्हणजे त्याची 'अष्टाध्यायी' होय. आठ अध्याय आणि सुमारे ४००० सूत्रे एवढ्यात त्याने संस्कृत भाषा बांधून ठेवली.

नियम सांगण्यापूर्वी वर्णांची वर्गवारी हवी, हे त्याने जाणले. शंकराच्या डमरूतून निघाली अशी कथा असलेल्या १४ सूत्रांत वर्ण विशिष्ट क्रमाने मांडलेले आहेत. आरंभीचा वर्ण आणि शेवटची खूण जोडली की गटाचे नाव तयार होते: अच् म्हणजे सारे स्वर, हल् म्हणजे सारी व्यंजने, यण् म्हणजे य, व, र, ल. 'प्रति' आणि 'एक' मिळून 'प्रत्येक' होते, ते याच गटांवर रचलेल्या एका इवल्याशा सूत्राने.

स्थळभेदही त्याने उपेक्षिला नाही. पूर्वेकडील व उत्तरेकडील लोकांचे भिन्न प्रयोग त्याने नोंदले. विपाशेच्या उत्तर तीरावरील विहिरींच्या नावांचा निराळा स्वराघातही त्याच्या कानांतून सुटला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आज संगणकापुढेही हाच प्रश्न उभा आहे. सी या संगणक-भाषेत आठ बिटांच्या एका बाइटला २५६ चिन्हांपलीकडे जाता येत नाही, आणि युनिकोडमध्ये आपल्या 'अ'चा क्रमांक तर २३०९! म्हणून रुंद वर्णांची योजना झाली. हे चिन्ह अक्षर, अंक की विरामचिन्ह, हे सांगणारी फलने १९९५ च्या पुरवणीने सी-भाषेच्या मानकात आली. त्यांचे उत्तर 'लोकेल' या स्थळ-भाषेच्या निवडीवर अवलंबून असते. ती निवड करण्यास प्रोग्राम लिहिणारा विसरला, तर पुष्कळ संगणकांवर 'अ' हे अक्षरच ठरत नाही, आणि देवनागरीत लिहिलेले तुमचे नाव अशुद्ध म्हणून परत येऊ शकते.

सातव्या शतकात ह्युएन त्संग शलातुरास गेला, तेव्हा तेथे पाणिनीचा पुतळा होता. १९६७ मध्ये इंगरमन या संगणकतज्ज्ञाने प्रोग्रामिंग-भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या पद्धतीस पाणिनीचेही नाव द्यावे, असे सुचविले. प्रत्येक वर्णाला त्याचे स्थान आणि प्रत्येक प्रदेशाला त्याची बोली द्यावी, हा या ऋषीचा धडा आपण विसरता कामा नये.