न्यूझीलंडच्या केट शेपर्ड

भगिनींनो, स्मरणिकेत आपण बहुधा आपल्याकडच्या थोर स्त्रियांविषयी लिहितो. यंदा मी सातासमुद्रापलीकडच्या एका बाईंची हकिगत सांगते.

केट शेपर्ड मूळच्या इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या. वडील वारल्यावर आई व भावंडांसह त्या १८६९ साली न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च गावी आल्या. १८७१ साली एका दुकानदाराशी त्यांचे लग्न झाले, पुढे मुलगा झाला. म्हणजे आपल्यासारख्याच घरसंसारी बाई. १८८५ साली तेथे स्त्रियांचा दारूबंदी संघ निघाला. दारूने घरे बुडत होती, पण बायकांच्या अर्जांना सभागृहात कोणी दाद देईना. ज्यांचे मतच नाही, त्यांची पर्वा कोण करणार? तेव्हा आधी मताचा हक्क मिळवायचा, असे ठरले आणि १८८७ साली ते काम केटबाईंच्या अंगावर आले.

त्यांनी सह्यांचे अर्ज सुरू केले. १८९१ साली नऊ हजारांवर सह्या झाल्या, १८९२ साली सुमारे वीस हजार आणि १८९३ साली जवळजवळ बत्तीस हजार. आमच्या वस्तीतल्या नळाच्या अर्जासाठी मी दारोदार फिरले आहे; मालकांना विचारून सांगते, असे म्हणून दार लावणाऱ्या बायका किती भेटतात ते मला ठाऊक आहे. म्हणून बत्तीस हजारांचा आकडा मला फार मोठा वाटतो. ते कागद एकापुढे एक चिकटवून झाडूच्या दांड्याला गुंडाळले होते. (आपल्या केरसुणीला दांडा नसतो, त्यांच्या झाडूला असतो.) सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहात उलगडली, ती थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली.

पंतप्रधान सेडन यांना हा कायदा नको होता. वरिष्ठ सभागृहात त्यांनी एका सभासदाचे मत फिरवले. त्या लुडबुडीचा राग येऊन दोन विरोधकांनीच उलट बाजूने मत दिले आणि ८ सप्टेंबरला कायदा २० विरुद्ध १८ मतांनी पास झाला. १९ सप्टेंबरला गव्हर्नरांची सही झाली.

निवडणूक २८ नोव्हेंबरला, म्हणजे हाती अवघे दहा आठवडे. नावे नोंदवायची कशी? बायका कामाला लागल्या आणि १,०९,४६१ स्त्रियांची नोंद झाली. मतदानाच्या जागी दांडगे पुरुष बायकांना त्रास देतील, अशी भीती विरोधकांनी घातली होती. तसे काही झाले नाही. दिवस शांततेत गेला आणि ९०,२९० स्त्रियांनी मत दिले. माओरी स्त्रियांनाही हक्क होता. त्यांच्या जागांचे मतदान २० डिसेंबरला झाले.

निकालाची गंमत अशी, की सेडन यांचाच लिबरल पक्ष ७४ पैकी ५१ जागा घेऊन निवडून आला! देशभर दारूबंदी काही झाली नाही. मला वाटते, बायकांनी आपापल्या अकलेने मत दिले.

उमेदवारीचा हक्क मात्र १९१९ पर्यंत मिळाला नाही. आपल्या मुंबई इलाख्यात तर साधे मतही १९२१ साली, आणि तेही मालमत्ता असणाऱ्या थोड्या स्त्रियांना मिळाले. तिकडे एलिझाबेथ मॅकोम्ब्स ही पहिली स्त्री १९३३ साली पार्लमेंटात निवडून गेली. केटबाई १९३४ साली वारल्या, म्हणजे तेवढे त्यांना पाहायला मिळाले.