गोव्याचा वैद्य गार्सिया द ऑर्ता

आमच्या रोडपाली गावात शेतीच्या बांधावर पूर्वी निरगुडी पुष्कळ होती. आता बांधही नाहीत आणि शेतीही नाही; जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या व कळंबोलीच्या इमारती आमच्या ओटीपर्यंत आल्या. तरीही आमच्या घरामागे एक निरगुडीचे झुडूप आजीने हट्टाने राखले आहे. बाळंतिणीच्या आंघोळीचे पाणी असो, की कोणाचा गुडघा सुजलेला असो, शेजारच्या बायका त्या झुडपाकडे येतात. लहानपणी मला या गोष्टीचे काही वाटत नसे. उलट, शाळेत गेल्यावर थोडी लाजच वाटू लागली होती.

ती लाज गेली एका परक्या माणसामुळे. द्वितीय वर्षाला इतिहासाच्या सरांनी पोर्तुगीजांच्या काळावर टिपण लिहायला सांगितले आणि ग्रंथालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात ठेवले. क्लेमंट्स मार्कहॅम याने 1913 साली केलेला तो अनुवाद होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. इंग्रजी पुस्तक म्हटले की शब्दकोश मांडीवर घेऊनच बसावे लागते. पण चाळता चाळता निरगुडी दिसली, कडुनिंब दिसला, आवळा, हिरडा, बेहडा दिसला, आणि मी टिपण विसरून पुस्तकच वाचू लागले. चारशे साठ वर्षांपूर्वी गोव्यात बसून हे लिहिणारा माणूस म्हणजे गार्सिया द ऑर्ता.

त्याचा जन्म सुमारे 1500 साली पोर्तुगालच्या सरहद्दीवरील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. आईबाप मूळचे स्पेनमधील ज्यू. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने सर्व ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा ही मंडळी सरहद्द ओलांडून आली. पुढे पाचच वर्षांत पोर्तुगालच्या राजानेही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि हे लोक घरात चोरून जुनाच धर्म पाळतात असा संशय त्यांच्यावर कायम असे. गार्सिया सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यक शिकला, काही दिवस गावी वैद्यकी केली, नंतर लिस्बनच्या विद्यापीठात शिकवूही लागला. चांगली जागा, मान, सारे काही होते. तरी 1534 च्या मार्चमध्ये तो मार्तिम आफोन्सो द सौझा या सरदाराच्या जहाजावर त्याचा वैद्य म्हणून चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. देशात धर्मन्यायालय येणार अशी कुणकुण तेव्हा होतीच. दोन वर्षांत ते आलेही. तो का निघाला हे एवढ्यावरून समजते.

मायदेशी तो पुन्हा गेलाच नाही. पुढची चौतीस वर्षे त्याने आपल्याच मुलखात काढली. सौझाच्या स्वाऱ्यांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर खूप हिंडला. घारापुरीची लेणी त्याने 1534 साली पाहिली, आणि पुढे गुरे आत शिरून त्यांची नासधूस झाल्याची खंतही पुस्तकात नोंदवली. मुंबई बेट तर पोर्तुगीज सरकारने त्यालाच खंडाने दिले होते. तेथे त्याचे एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळत असे. पनवेलहून लोकल गाडीने मुंबईला जाताना, गर्दीत एका पायावर उभी असताना, ते सारे बेट एका वैद्याच्या खंडात होते या विचाराने मला हसू येते.

घाटावर त्याचा मोठा आश्रयदाता म्हणजे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. ऑर्ता त्याचा वैद्यही होता आणि मित्रही. त्याच्या दरबारी अरब व इराणी हकीम होते, हिंदू वैद्य होते. युरोपात गॅलन व डायोस्कोरिडिस या ग्रीकांचे शब्द म्हणजे वेदवाक्य मानले जाई. निजामशहाच्या दरबारात बसल्यावर ऑर्ताला दिसले, की या ग्रीकांनी न पाहिलेली औषधे येथे रोजच्या वापरात आहेत, आणि त्यांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्यांतली कित्येक त्यांना नीट माहीत नव्हती.

त्रिफळेतली फळे घ्या. युरोपात ही फळे वाळून, जहाजांतून, हातोहात जात. तेथील पुष्कळ वैद्यांची समजूत अशी, की हिरडा, बेहडा, आवळा ही एकाच झाडाची फळे. ऑर्ताने दाखवून दिले, की झाडे वेगळी, पाने वेगळी, नावे वेगळी आणि गुणही वेगळे. नावे त्याने येथल्या लोकांच्या तोंडून ऐकली तशीच पोर्तुगीज अक्षरांत उतरवली. त्याच्या पुस्तकातले बेहड्याचे नाव वाचून मी आजीला विचारले, तेव्हा तिला गोटिंग हा शब्द माहीत निघाला. तिचे माहेर कर्नाळ्याच्या बाजूचे, डोंगराच्या पायथ्याचे. मराठी शब्दकोशापेक्षा हे मला जास्त पटले.

हे पुस्तक 1563 च्या एप्रिलमध्ये गोव्यात छापून झाले. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक. विद्वानांची भाषा लॅटिन असताना ऑर्ताने ते पोर्तुगीजमध्ये लिहिले, आणि तेही संवादरूपाने. रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य नुकताच युरोपातून आला आहे. तो पुस्तकी पंडित, शंका काढणारा. ऑर्ता त्याला आपल्या घरी, आपल्या बागेत एकेक वनस्पती दाखवतो. खरे तर हे दोघेही ऑर्ताच, एक लिस्बनमधला आणि दुसरा गोव्यात मुरलेला. पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश याची एक कविता पुस्तकाच्या आरंभी आहे. मुद्रणदोष मात्र इतके, की शुद्धिपत्र पाहून आपल्या वार्षिकाच्या संपादक मंडळाने धीर धरावा.

या पुस्तकातले पटकीचे प्रकरण मी दोनदा वाचले. या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले हे फार जुने आणि फार बारकाईचे वर्णन आहे. नाडी, खोल गेलेले डोळे, पायांतले गोळे, सारे आहे. रोगाचे स्थानिक नाव त्याने दिले आहे ते आपल्या ‘मोडशी’चेच रूप. येथील लोक अशा रोग्याला तांदळाची पेज मिरी-जिरे घालून पाजतात, हेही त्याने टिपले आहे. जुलाबात मीठ घातलेली पेज आमच्याकडे आजही देतात, आणि शरीरातले पाणी भरून काढणे हाच पटकीचा मुख्य उपचार हे आता डॉक्टरही मानतात. आवेवर कुड्याची साल, ठणकणाऱ्या अंगाला निरगुडीचा पाला, जनावरांच्या जुनाट जखमांना लिंबाच्या रसात वाटलेला कडुनिंबाचा पाला, अशा कितीतरी नोंदी आहेत. कोण देतो, कोणता भाग देतो, कशाबरोबर देतो, हे तो विचारीत राही.

त्याला देव मानण्याचे कारण नाही. प्राण्यांच्या पोटात सापडणारे खडे विषावर उतारा असतात, असे इतरांसारखे त्यालाही वाटे. त्याच्या घरी गुलाम होते. पुस्तकात आंतोनिया नावाची एक दासी येते. धनी हाक मारतो आणि ती हवी ती पाने, हवे ते फळ आणून देते. मलुपा नावाचा एक हिंदू वैद्यही एका ठिकाणी येऊन बोलून जातो. बाकी ज्यांनी त्याला झाडे दाखवली, त्यांतल्या बहुतेकांना नाव नाही. आंतोनियाला पाने ओळखता येत होती म्हणून तर ती योग्य तीच आणीत होती! ती ओळख तिला कोणी शिकवली, हे रुआनो विचारीत नाही.

ऑर्ताच्या स्वतःच्या घरात एक गोष्ट दडलेली होती. लिस्बनमध्ये त्याच्या आईला व बहिणींना धर्मन्यायालयाने पकडले होते. सुटल्यावर त्या गोव्याला त्याच्याकडे आल्या. पण 1560 साली धर्मन्यायालय गोव्यातही आले. पुस्तक छापले गेले ते त्याच्या दाराशी बसूनच म्हणावे लागेल. व्हाइसरॉय, सरदार, धर्मगुरू हे त्याचे रोगी, त्यामुळे जिवंतपणी त्याला कोणी हात लावला नाही. 1568 साली तो वारला. वर्षभरातच त्याची बहीण कातारिना हिला चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातेवाइकांच्या जबान्यांतून ऑर्ताचेही नाव पुढे आले. 1580 मध्ये त्याचा खटला मेल्यानंतर चालवून, त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली. ज्याने येथल्या प्रत्येक मुळीचे खरे नाव शोधले, त्याला स्वतःच्या देवाचे नाव उभ्या आयुष्यात मोठ्याने घेता आले नव्हते.

पुस्तक मात्र जळले नाही. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 मध्येच अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला होता, आणि पुढे युरोपभर ऑर्ता वाचला गेला तो मुख्यतः त्या संक्षेपातून. पणजीत चर्चसमोरच्या बागेला आज त्याचे नाव आहे.

हे सारे वाचताना मला 2020 साल आठवत होते. मी तेव्हा नववीत होते. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून गावात घरोघरी काढा उकळत होता: गुळवेल, आले, तुळस, मिरी. ज्यांनी जन्मात गुळवेल पाहिली नाही तेही वाटेल तो वेल तोडून नेत. आजी कपाळाला हात लावी. पुढे 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वेल खरोखर गुळवेलच होता, की तिच्यासारखा दिसणारा दुसरा, असा प्रश्न निघाला. मला वाटले, ऑर्ता असता तर त्याने हाच प्रश्न सर्वांच्या आधी विचारला असता. आमच्या घरी आजी दोन बोटे काडी घेई, सात दिवस देई आणि आठव्या दिवशी बंद करी. का, ते तिला सांगता येत नव्हते. पण माप होते.

ऑर्ता वाचून झाल्यावर मी शंभर पानी वही घेतली आणि आजीपुढे बसले. झाडाचे नाव, कोठे होते, कोणता भाग, किती, किती दिवस, आणि तिला हे कोणी सांगितले. शेवटचा रकाना मी मुद्दाम घातला. त्यात तिची आई येते, कर्नाळ्याची एक ठाकर म्हातारी येते, एक सुईण येते. ज्याचा गुण तिला स्वतःला आला नाही, फक्त ऐकला आहे, तेथे मी फुली करते. बावीस झाडे झाली आहेत. तेविसावे पहिला पाऊस पडल्यावरच जमिनीतून वर येते. पाहिल्याशिवाय नाव लिहू नकोस, असे आजीने बजावले आहे.