आर्सचे उपवासी धर्मगुरु संत योहान मारिया व्हियान्नी

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मागील वर्षांचा हिशेब घेण्याची आपणां सर्वांस सहजच इच्छा होते. देवमंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, शाळा कधीं निघाली, बाप्तिस्मे किती झाले, हें सर्व आपण मोठ्या प्रेमानें आठवतों. आणि तें योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामास आणखी एक पाया असतो. त्याची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं. कोणीं तरी पहांटेच्या अंधारांत गुडघे टेकलेले असतात. कोणीं तरी आपल्या ताटांतील घांस दुसऱ्यासाठीं काढून ठेवलेला असतो. ह्या न दिसणाऱ्या पायाची ओळख व्हावी म्हणून फ्रान्स देशांतील एका खेड्याच्या धर्मगुरूंचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

संत योहान मारिया व्हियान्नी ह्यांचा जन्म ता. ८ मे १७८६ रोजीं लिऑन शहराजवळील दार्दिली ह्या गांवीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. घर साधें, पण देवभीरु. दारीं आलेला भिकारी तेथून विन्मुख जात नसे. भिक्षेकरी संत बेनेदिक्त लाब्र ह्यांनींहि १७७० सालीं ह्याच घरीं आसरा घेतला होता. मुलगा तीन वर्षांचा असतां फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. पुढें लवकरच देवमंदिरांचे दरवाजे बंद झाले, आणि नव्या सरकारची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंचें जगणेंच कठीण झालें. ते वेष पालटून हिंडत व रात्रीं एखाद्या घरांत किंवा कोठारांत चोरून मिस्सा करीत. १७९९ सालीं एकुली गांवांतील एका घरांत, खिडक्या बंद करून व बाहेर गवताच्या गाड्या उभ्या करून, ह्या बालकानें प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला. ज्या भाकरीसाठीं माणसें जिवावर उदार होतात तिची भूक त्याच्या मनांत लहानपणींच उत्पन्न झाली. पुढील आयुष्यांत पोटाची भूक त्यांनीं एवढी तुच्छ कां मानली, ह्याचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

धर्मगुरु होण्याची इच्छा प्रबळ होती, परंतु शिक्षण फारच थोडें. वयाची विशी जवळ आली तेव्हां एकुलीचे धर्मगुरु बाले ह्यांच्यापाशीं त्यांनीं लॅटिनचे धडे सुरू केले. ती भाषा कांहीं केल्या डोक्यांत शिरेना. तेव्हां १८०६ सालीं ते भीक मागत पायीं ला लुव्हेस्क येथें संत फ्रान्सिस रेजिस ह्यांच्या समाधीच्या दर्शनास गेले. वाटेंत लोकांनीं त्यांस भटक्या समजून दारें लावून घेतलीं. १८०९ सालीं नेपोलियनच्या सैन्यांत भरतीचा हुकूम आला. ते आजारी पडले, पलटणीच्या मागें राहिले, व पुढें डोंगरांतील नोए गांवीं सर्वांस माफी मिळेपर्यंत लपून राहिले. सेमिनरींत गेल्यावर लॅटिनच्या परीक्षेनें त्यांस परत घरीं पाठविलें. परंतु बाले गुरुजींनीं धीर सोडला नाहीं; त्यांच्याच खटपटीनें ता. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोबल येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. नंतर दोन वर्षें गुरुशिष्य एकुलीस एकत्र राहिले. उपवासांत व जागरणांत दोघांची जणूं चढाओढ लागली. दुसरा अति करतो अशी तक्रार प्रत्येकानें वरिष्ठांकडे केली असें सांगतात. १८१७ च्या डिसेंबरांत बाले गुरुजी वारले, आणि दोन महिन्यांनीं शिष्याची नेमणूक आर्स येथें झाली.

आर्स हें सुमारें २३० वस्तीचें खेडें होतें. तेथील लोक धर्माचे वैरी नव्हते; पण क्रांतीच्या वर्षांत धर्माची संवय सुटली होती. रविवारीं शेतांत कामें चालत, संध्याकाळीं नाच चाले, आणि एवढ्याशा गांवांत दारूचे चार गुत्ते होते. नव्या धर्मगुरूंनीं प्रथम कोणासहि दोष दिला नाहीं. पहांटेपूर्वी उठून ते देवमंदिरांत जात व वेदीपुढें गुडघे टेकून आपल्या गांवाच्या मनःपरिवर्तनासाठीं तासन्‌तास प्रार्थना करीत. त्यासाठीं जन्मभर वाटेल तें दुःख सोसावयास ते तयार होते. गादी त्यांनीं गरिबास देऊन टाकली व आपण जमिनीवर निजूं लागले. आठवड्याच्या आरंभीं एका भांड्यांत बटाटे उकडून ठेवावे, आणि भूक असह्य झाली म्हणजे त्यांतील एकदोन थंडच खावे, हा त्यांचा क्रम. शेवटीं शेवटीं त्या बटाट्यांवर बुरशी येई. तरी तेच चालत. कधीं कधीं तर दोनतीन दिवस अन्नास स्पर्शहि होत नसे. शेजारच्या बाया कांहीं शिजवून आणून देत. तें बहुधा भिकाऱ्यांच्या हातीं जाई.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हा उपवास स्वतःच्या पुण्याचा सांठा वाढविण्यासाठीं नव्हता. लोकांकडून प्रायश्चित्त व्हावयास पाहिजे होतें. ते करीत नव्हते, म्हणून त्यांच्या वतीनें हे करीत होते. धर्मगुरूंच्या घरांत चूल पेटत नाहीं हें गांवाच्या दृष्टीस आलें, आणि वेदीवरून पडणाऱ्या शब्दांस वजन आलें. नुसत्या प्रवचनांनीं गुत्ते बंद झाले नसते. प्रवचन करणारा स्वतः उपाशी आहे हें लोक जाणत होते. वर्षें लागलीं, पण गुत्ते एकामागून एक उठले; रविवार पाळला जाऊं लागला; संध्याकाळच्या घंटेबरोबर माणसें जपमाळ घेऊन देवमंदिराकडे येऊं लागलीं. एक साधा शेतकरी शेतावर जातां येतां अवजारें दाराशीं ठेवून आंत येई व ओंठहि न हलवितां पवित्र साक्रामेंताकडे पाहत बसे. तो काय करतो असें धर्मगुरूंनीं विचारलें असतां, आपण देवाकडे पाहतों व देव आपल्याकडे पाहतो, एवढेंच त्यानें सांगितलें. प्रार्थनेचा ह्याहून मोठा धडा नाहीं असें व्हियान्नी पुढें नेहमीं सांगत. १८२४ सालीं त्यांनीं गरीब मुलींसाठीं ‘प्रॉव्हिडन्स’ नांवाची शाळा काढली; पुढें तेथें अनाथ मुलींचाहि सांभाळ होऊं लागला.

अशा माणसास छळ चुकत नाहीं. गांवांतील कांहींनीं त्यांच्या चारित्र्यावर चिखल उडविला. आसपासच्या कित्येक धर्मगुरूंस हा अर्धशिक्षित, फाटक्या झग्याचा मनुष्य डोळ्यांत खुपूं लागला. त्यांनीं बिशपमहाराजांकडे पाठविण्यास एक अर्ज तयार केला. तो चुकून व्हियान्नींच्याच हातीं आला. आपण ह्या जागेस नालायक आहों असें त्यांचें स्वतःचेंहि मत असल्यामुळें त्यांनीं अर्जाखालीं आपली सही केली व तो पुढें रवाना केला! बिशप देव्ही ह्यांनीं त्यांस काढलें नाहीं.

तथापि आमच्या वाचकांनीं त्यांच्या बटाट्यांचेंच अनुकरण करावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्या पहिल्या वर्षांतील अतिरेकास वृद्धपणीं ते स्वतः तरुणपणाचा वेडेपणा म्हणत. शरीराचें नुकसान झालें तें झालेंच. १८४३ च्या मे महिन्यांत ते इतके आजारी पडले कीं सर्वांनीं आशा सोडली. त्यांतून उठल्यावर वैद्य व वरिष्ठ यांच्या सांगण्यावरून त्यांनीं आहार थोडा वाढविला. ज्यानें वर्षानुवर्षें भुकेशीं झुंज दिली त्यास आज्ञेखातर जेवणें हेंच अधिक कठीण गेलें असेल. परंतु आज्ञापालन उपवासाहून श्रेष्ठ आहे हें ते जाणून होते.

ह्याहूनहि मोठी एक भूक त्यांस होती, ती एकांताची. आपल्या पापांसाठीं रडत एखाद्या मठांत उरलेले दिवस काढावे, अशी त्यांस विलक्षण ओढ होती. आर्स सोडून जाण्याचा प्रयत्न त्यांनीं १८४०, १८४३ व १८५३ ह्या सालीं, असा तीनदां केला. शेवटच्या खेपेस रात्रीं घंटा वाजली, गांव जागा झाला, आणि लोकांनीं त्यांची वाट अडविली. ते परत आले व पापनिवेदनाच्या आसनावर जाऊन बसले. प्रार्थनेची ती गोडीहि देवानें त्यांच्याकडून मागून घेतली. आमच्या मतें त्यांच्या सर्व उपवासांत हा उपवास अधिक कडक होता.

कारण एव्हांना आर्स हें फ्रान्सचें एक मोठें यात्रास्थान झालें होतें. अखेरच्या वर्षीं तेथें ऐंशी हजारांहून अधिक यात्रेकरू आले. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळानें ते कुमसार ऐकावयास बसत. हिवाळ्यांत अकराबारा तास व उन्हाळ्यांत कधीं सोळा तासांपर्यंत त्यांचा दिवस त्या लांकडी चौकटींत जाई. थंडीनें पाय बधिर होत, उन्हाळ्यांत श्वास कोंडे. एवढें असून पापी माणसांस ते प्रायश्चित्त मात्र हलकें देत, व राहिलेलें त्यांच्या वतीनें आपण करीत. पहिल्या दिवसांत गांवासाठीं केलेला व्यवहार आतां ते साऱ्या देशासाठीं करीत होते.

१८५९ च्या कडक उन्हाळ्यांत त्यांची शक्ति संपली, व ता. ४ ऑगस्ट रोजीं पहांटे दोन वाजतां, वयाच्या ७३ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. दहावे पायस ह्यांनीं १९०५ सालीं त्यांस धन्यवादितांत गणलें. अकरावे पायस ह्यांनीं ता. ३१ मे १९२५ रोजीं त्यांस संतपद दिलें, व १९२९ सालीं धर्मग्रामांच्या सर्व धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें. त्यांच्या मृत्यूस दीडशें वर्षें झालीं तेव्हां, २००९ सालीं, सोळावे बेनेदिक्त ह्यांनीं साऱ्या ख्रिस्तसभेंत धर्मगुरुवर्ष पाळविलें.

आतां आपल्यासंबंधीं दोन शब्द. ख्रिस्तसभा आज आपणांकडून फार थोडें मागते. अठरा वर्षें पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ वर्षें पूर्ण होईपर्यंत, राखेचा बुधवार व पवित्र शुक्रवार एवढ्याच दोन दिवशीं उपवासाचें बंधन आहे. त्यांतहि एक पूर्ण जेवण व दोन वेळां थोडा फराळ चालतो. एवढेंहि कित्येकांस जड वाटतें, आणि कित्येक तें पाळतात पण त्या दिवशीं गुडघे टेकीत नाहींत. प्रार्थनेवांचून उपवास म्हणजे नुसती उपासमार. तिनें एक तर चिडखोरपणा वाढतो, नाहीं तर गर्व. आर्सच्या संतांनीं घांस टाळला तो कोणासाठीं तरी टाळला, व टाळलेला घांस कोणाच्या तरी हातीं दिला. आपल्याहि घरांत कोणी धर्मापासून दूर गेलेला मुलगा असेल, व्यसनांत बुडालेला भाऊ असेल, वर्षानुवर्षें अबोला धरलेला शेजारी असेल. त्याचें नांव घेऊन एका शुक्रवारचा एक घांस बाजूस काढावा, तो गरिबास द्यावा, आणि तेवढा वेळ पवित्र साक्रामेंतापुढें बसावें. ही देणगी महोत्सवाच्या वर्गणीच्या यादींत छापली जाणार नाहीं. पण आपल्या धर्मग्रामाचा न दिसणारा पाया तिनेंच मजबूत होईल. आपल्या धर्मगुरूंसाठींहि तेवढीच प्रार्थना करण्यास आपण विसरूं नये, एवढी विनंति करून आम्ही हें चरित्र संपवितों.